मुंबई गिरणीमालक संघाचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरणगावाचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा संपांच्या बाजूने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक वाटाघाटीत टेबलाच्या पलीकडे कोण बसले होते, त्यांची संघटना कशी उभी राहिली, ती कोणत्या प्रश्नावर एकजूट राहिली आणि कोणत्या प्रश्नावर फुटली, हे समजल्याशिवाय त्या संपांचाही अर्थ पुरता लागत नाही. पुढील प्रश्न विद्यार्थी, संशोधक आणि गिरणी कामगारांच्या घरांतील वाचक नेहमी विचारतात.

मुंबई गिरणीमालक संघ ही नेमकी कोणती संस्था?

मुंबई शहर व बेटातील कापड गिरण्यांच्या मालकांनी आणि त्यांच्या वतीने गिरण्या चालवणाऱ्या व्यवस्थापकीय एजंटांनी १८७५ मध्ये स्थापन केलेली ही संघटना आहे. इंग्रजीत ती बॉम्बे मिलओनर्स असोसिएशन या नावाने ओळखली गेली. गिरणगावात तिला नुसते ‘मालक संघ’ म्हणत. एका प्रदेशातील, एका उद्योगातील मालकांनी स्वतःच्या हितासाठी एकत्र येऊन उभारलेल्या भारतातील सर्वांत जुन्या संघटनांमध्ये तिची गणना होते. आसाम व बंगालच्या चहामळेवाल्यांची संघटना १८८१ मध्ये, कलकत्त्याच्या ताग गिरण्यांची १८८४ मध्ये आणि अहमदाबादच्या गिरणीमालकांची १८९१ मध्ये स्थापन झाली, म्हणजे या तिन्ही मुंबईच्या संघानंतरच्या आहेत.

पहिली गिरणी १८५० च्या दशकात निघाली असताना संघ स्थापन व्हायला १८७५ साल का उजाडले?

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी उभी केली आणि ताडदेवच्या त्यांच्या गिरणीत १८५६ मध्ये सूत निघू लागले. त्यानंतरची वीस वर्षे मालकांना एकत्र येण्याची निकड भासली नाही, कारण त्यांच्यात स्पर्धा असली तरी सर्वांना सारखाच भिडणारा धोका समोर नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, मुंबईचा पैसा गिरण्यांपेक्षा कापसाच्या निर्यातीकडे आणि शेअरच्या सट्ट्याकडे वळला होता. १८६५ मध्ये तो फुगा फुटला, आणि हळूहळू भांडवल पुन्हा गिरण्यांकडे येऊ लागले.

धोका आला तो बाहेरून, आणि एकाच वेळी दोन वाटांनी आला. लँकेशायरच्या, म्हणजे इंग्लंडमधील कापड गिरण्यांच्या परगण्यातील, कारखानदारांनी १८७४ पासून अशी मागणी लावून धरली की भारतात येणाऱ्या सुती मालावरील आयात कर रद्द करावा. त्याच सुमारास मुंबईच्या गिरण्यांतील कामाचे तास आणि बालमजुरी यांवर कायद्याने मर्यादा घालावी, असा आग्रहही तिकडूनच सुरू झाला. १८७५ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्या आयोगापुढे आणि पुढे सरकारपुढे गिरण्यांची बाजू एका तोंडाने मांडणारे कोणीतरी हवे होते, या गरजेतून संघ जन्माला आला. म्हणजे संघाची सुरुवात कामगारांच्या संघटनेला तोंड देण्यासाठी झाली नव्हती. तशी संघटना तेव्हा अस्तित्वातच नव्हती. त्याची पहिली लढाई लंडन आणि मँचेस्टरशी होती, आणि या जन्मखुणेचा परिणाम त्याच्या पुढील पन्नास वर्षांच्या वागण्यावर दिसतो: कराच्या प्रश्नावर तो तत्पर आणि बोलका राहिला, मजुरीच्या प्रश्नावर मात्र दीर्घकाळ अडखळत राहिला.

सभासद कोण होते? गिरण्या इंग्रजांच्या होत्या ना?

हा गैरसमज फार रूढ आहे. कलकत्त्याच्या ताग उद्योगात स्कॉटिश भांडवलाचे वर्चस्व होते, त्यामुळे सर्व वसाहतकालीन कारखाने गोऱ्यांचेच असतील असे अनेकांना वाटते. मुंबईचा कापड उद्योग मात्र प्रामुख्याने भारतीय भांडवलावर उभा राहिला. पेटिट, टाटा आणि वाडिया ही पारशी घराणी, गोकुळदास आणि ठाकरसी ही भाटिया घराणी, करीमभाई हे खोजा घराणे, ससून हे बगदादहून आलेले ज्यू घराणे, आणि त्यांच्या जोडीला ग्रीव्हज कॉटनसारख्या युरोपीय पेढ्या, असा सभासदांचा मेळा होता. दिनशा माणेकजी पेटिट हे सुरुवातीच्या दशकांतील संघाचे सर्वांत वजनदार अध्यक्ष. पुढे विसाव्या शतकात होमी मोदी यांचे नाव तितकेच महत्त्वाचे ठरले.

ही विविधता भूषणावह होतीच, पण संघटना म्हणून ती अडचणीचीही होती. व्यवस्थापकीय एजंट हे गिरण्यांचे खरे चालक असत. त्यांचा मोबदला अनेक ठिकाणी उत्पादनावर किंवा विक्रीवर ठरत असल्यामुळे मंदीतही गिरणी चालू ठेवण्यात त्यांचा स्वतंत्र फायदा असे. बाजारात माल साचला की सर्वांनी मिळून कमी वेळ काम करावे, अशा सूचना संघात वेळोवेळी येत. ताग गिरण्यांच्या संघटनेने असे करार पुष्कळदा पाळून दाखवले, मुंबईला ते क्वचितच जमले. मुंबई संघाच्या इतिहासातील ही दुखरी जागा लक्षात ठेवली तर पुढच्या बऱ्याच घटनांचा उलगडा होतो.

पहिल्या कारखाना कायद्याबाबत संघाची भूमिका काय होती?

विरोधाची. १८७५ च्या आयोगातील बहुमत कायद्याच्या विरुद्ध गेले. परंतु सर्व भारतीय मत मालकांच्या बाजूने होते, असे समजणे चूक ठरेल. मुंबईतीलच सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ च्या सुमारास स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला आणि मुलांच्या व स्त्रियांच्या कामावर मर्यादा घालण्याचा आग्रह धरला. अखेर १८८१ चा कायदा आला. तो शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या यांत्रिक कारखान्यांना लागू होता. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ पुरुष व स्त्रिया यांच्या तासांना त्याने हातही लावला नाही.

मालकांचा युक्तिवाद असा होता की हा कायदा दयेपोटी नव्हे, तर लँकेशायरच्या स्वार्थापोटी येत आहे. हा आरोप निराधार नव्हता. पण सात वर्षांचे मूल दिवसभर चात्यांमध्ये उभे राहते, ही वस्तुस्थिती लँकेशायरच्या हेतूंमुळे बदलत नव्हती, आणि या प्रश्नाला मालकांच्या त्या युक्तिवादात उत्तर सापडत नाही.

रविवारची सुट्टी संघाने दिली की नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवली?

लोखंडे यांनी मिळवली आणि संघाने मान्य केली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ चालवणारे लोखंडे यांनी स्वतः गिरणीत नोकरी केली होती. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत मजुरी, अशा त्यातील मागण्या होत्या. पगाराच्या तारखेची मागणी वाचताना थोडे थांबावे. केलेल्या कामाचा पगार केव्हा मिळेल याचीही तेव्हा निश्चिती नव्हती. पगार महिना-महिना मागे ठेवला की कामगार गिरणी सोडून जाऊ शकत नसे, आणि मधल्या काळात तो वाण्याच्या व सावकाराच्या उधारीवर जगे.

त्यानंतर पाच-सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्याने सुट्टीला कायद्याचे रूप दिले, कामावर घेण्याचे किमान वय नऊ केले आणि स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत रुग्णसेवा करताना वारले.

या प्रसंगात संघाचा एक मोठा उपयोग दिसतो, आणि तो कामगारांच्याही कामी आला. संघ नसता तर ही मागणी गिरणीगणिक वेगळी लढवावी लागली असती. सर्व मालकांच्या वतीने होकार देऊ शकणारी संस्था अस्तित्वात होती, म्हणून एका निर्णयाने साऱ्या शहराला सुट्टी मिळाली.

साडेतीन टक्के कराचे प्रकरण काय होते?

भारतात येणाऱ्या सुती मालावरील आयात कर १८८२ मध्ये रद्द झाला होता. सरकारची तिजोरी ओढगस्तीला आल्यावर १८९४ मध्ये आयात कर पुन्हा बसवण्यात आला. परंतु लँकेशायरच्या मालाला त्याचा तोटा होऊ नये म्हणून भारतीय गिरण्यांवरही कर लादला गेला, आणि १८९६ मध्ये ही व्यवस्था अशी स्थिरावली की आयात कापडावर साडेतीन टक्के आणि भारतीय गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के कर. आपल्याच देशात तयार होणाऱ्या कापडावर, परदेशी कापडाशी बरोबरी साधण्यासाठी कर घेतला जातो, ही गोष्ट मालकांना जितकी बोचली तितकीच राष्ट्रीय चळवळीलाही बोचली. जवळपास तीस वर्षे संघाने या कराविरुद्ध अर्ज, शिष्टमंडळे आणि विधिमंडळातील भाषणे यांची मालिका चालवली. दरम्यान आयात कर १९१७ मध्ये साडेसात आणि १९२१ मध्ये अकरा टक्के झाला, तरी हा कर कायमच राहिला.

त्याचा शेवट १९२५ च्या संपाने झाला, तो पुढे येतो.

चीनचा बाजार हातचा कसा गेला?

आरंभीच्या मुंबई गिरण्या विणण्यापेक्षा कातण्यावर जगत आणि त्यांचे बरेचसे जाडेभरडे सूत चीनला जाई. १८९३ मध्ये भारत सरकारने खाजगी चांदी टाकसाळीत घेऊन तिचे रुपये पाडणे बंद केले, त्यामुळे रुपया आणि चीनचे चांदीचे चलन यांचे जुने नाते तुटले आणि मुंबईचे सूत तेथे महाग झाले. जपानच्या गिरण्या याच वेळी पुढे सरसावल्या. त्यातच १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि कामगार हजारोंच्या संख्येने रत्नागिरी, सातारा या आपल्या जिल्ह्यांकडे निघून गेले. या धक्क्यांनंतर गिरण्या हळूहळू देशी बाजारासाठी कापड विणण्याकडे वळल्या.

संघ सर्व गिरण्यांसाठी एकच मजुरी ठरवत असे का?

नाही, आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

मजुरी प्रत्येक गिरणीत वेगळी होती. एकाच गल्लीतील दोन गिरण्यांत, एकाच रुंदीच्या मागावर, एकाच नंबरच्या सुताचे कापड विणणाऱ्या दोन विणकरांचे दर वेगळे असत. मूळ दरावर कुठे महागाईची वाढ, कुठे हजेरीचा बोनस, कुठे खराब कापडाचा दंड, असा हिशेब असे की बाहेरच्या माणसाला तो उलगडणे कठीण जाई. ज्याला विणलेले खराब कापड गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापली जाई, त्या विणकराला मात्र तो चांगलाच ठाऊक होता.

संघाने मजुरीचे दर समान करण्याचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वेळोवेळी केला, पण प्रत्येक वेळी तो सभासदांच्या आपसांतील अविश्वासावर आपटला. चांगली यंत्रे असलेल्या गिरणीला कमी दर पुरे, जुन्या यंत्रांच्या गिरणीत कामगार टिकवायला जास्त दर लागत. कुशल विणकर पळवून नेणे हा तर सर्रास चालणारा प्रकार होता. कराच्या प्रश्नावर सर्वांचे हित एक होते, म्हणून संघ बोलला. मजुरीच्या प्रश्नावर शेजारची गिरणी हीच पहिली प्रतिस्पर्धी होती, म्हणून संघ गप्प राहिला. माझ्या मते संघाच्या पहिल्या सत्तर वर्षांचा इतिहास या एका विसंगतीभोवती फिरतो.

मजुरीत समानता आणा, ही मागणी अखेर कामगारांनीच लावून धरली. मालकांना समान दर हवे होते ते खर्चावर ताबा मिळवण्यासाठी, कामगारांना हवे होते ते गिरणीगणिक होणारी लूट थांबवण्यासाठी. शब्द एकच, ‘प्रमाणीकरण’, पण दोन्ही बाजूंनी त्याचा अर्थ वेगळा होता.

१९२४ आणि १९२५ च्या संपांत संघाने काय केले?

पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर काही वर्षे गिरण्यांनी भरघोस नफा कमावला. १९१९ आणि १९२० च्या जानेवारीत मोठे संप झाले. दुसऱ्यानंतर मुंबईत दहा तासांचा दिवस आला, आणि १९२२ च्या कायद्याने देशभर आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली. त्या वर्षांत कामगारांना वार्षिक बोनस मिळू लागला होता. १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला, तेव्हा १९२४ च्या सुरुवातीला सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. सरन्यायाधीश नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निर्णय दिला की बोनसवर कामगारांचा अंमलात आणता येईल असा हक्क नाही. संप मोडला.

१९२५ मध्ये मंदीचे कारण देऊन संघाने साडेअकरा टक्के मजुरी कापण्याचे ठरवले. कापडावरील साडेतीन टक्के कर हटवला तर कपात मागे घेऊ, असेही मालकांचे म्हणणे होते. दोन महिन्यांहून अधिक काळ गिरण्या बंद राहिल्या. अखेर व्हाइसरॉयने डिसेंबर १९२५ पासून तो कर स्थगित केला, १९२६ मध्ये तो रद्दच झाला, आणि संघाने कपात मागे घेतली. तीस वर्षे अर्ज-विनंत्यांनी जे साधले नव्हते ते कामगारांच्या उपवासाने साधले. कर गेल्याचे श्रेय मालकांच्या शिष्टमंडळांना देताना त्या हिवाळ्यात चाळींमध्ये चुली कशा विझल्या होत्या, हेही सांगायला हवे.

१९२८ चा संप एवढा निर्णायक का मानला जातो?

कारण त्यात पहिल्यांदाच दोन खऱ्या संघटना समोरासमोर आल्या. त्याआधी ना. म. जोशी यांची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन १९२६ पासून होती आणि अर्जुन आळवे यांच्यासारखे गिरणीतूनच वर आलेले पुढारी गिरणी कामगार महामंडळात होते. परंतु मालक संघाशी सर्व शहराच्या वतीने बोलेल, असे बळ कोणाकडेच नव्हते.

मालकांनी नव्या पद्धतीने काम वाढवायला सुरुवात केली होती: विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, कातणाऱ्याने साच्याच्या एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात. एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. कम्युनिस्ट पुढारी श्री. अ. डांगे, जोगळेकर व निंबकर, तसेच आळवे आणि मवाळ पक्षाचे जोशी हे सर्व संयुक्त संप समितीत एकत्र आले आणि त्यांनी सतरा मागण्या मांडल्या. संपाच्या काळात स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या वर्षअखेर पन्नास हजारांवर गेली. या संपात सुमारे सव्वादोन कोटी मनुष्यदिवस वाया गेले.

या दडपणाखाली संघाला अखेर प्रमाणीकरणाचा तपशीलवार आराखडा आणि सर्व गिरण्यांसाठी एकच नियमावली कागदावर मांडावी लागली, आणि तिच्या प्रत्येक कलमावर कामगार प्रतिनिधींशी वाद झाला. सर चार्ल्स फॉसेट यांच्या समितीने मार्च १९२९ मध्ये अहवाल दिला. त्याच महिन्यात मीरत कटाच्या, म्हणजे सरकारने कम्युनिस्ट व कामगार पुढाऱ्यांवर भरलेल्या, खटल्यासाठी युनियनचे प्रमुख पुढारी पकडले गेले. एप्रिलमध्ये दुसरा संप झाला, तो फसला, आणि आराखडा कागदावरच राहिला. ज्यांच्याशी बसून करार करायचा ती माणसे तुरुंगात गेल्यामुळे मालकांना काही काळ हायसे वाटले असेल, परंतु प्रमाणीकरणासाठी मुंबईला आणखी अठरा वर्षे थांबावे लागले.

विणाई खात्यात दलित कामगारांना प्रवेश नव्हता, हे खरे आहे का? संघाची त्यात जबाबदारी किती?

खरे आहे. मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्यामुळे विटाळ होतो या सबबीवर सवर्ण विणकर दलितांना विणाई खात्यात येऊ देत नसत. विणाईत मजुरी जास्त होती, म्हणजे अस्पृश्यतेचा थेट फटका पगाराला बसत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे उभा केला. भेदभाव सहकारी कामगारांचा होता, तसा भरती ज्यांच्या हाती होती त्या मालकांचाही होता. त्यांनी तो सोयीने चालू दिला, हे मान्य केले पाहिजे.

जॉबर पद्धत संघाने का मोडली?

खात्यात माणूस घेणारा, काढणारा, रजा देणारा आणि गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर बदली कामगार लावणारा जॉबर हा गिरणीचा खरा दरवाजा होता. नोकरीसाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. मालकांनी ही पद्धत अनेक दशके चालू ठेवली, कारण कमी खर्चात शिस्त मिळत होती. १९२८ नंतर मात्र जॉबरचे हितसंबंध कधी मालकांशी, कधी संपवाल्यांशी जुळतात हे दिसून आले. १९३४ च्या संपानंतर मुंबई सरकारने तंटे समेटाचा कायदा करून सरकारी कामगार अधिकारी नेमला. संघानेही स्वतःचा कामगार अधिकारी नेमला आणि १९३५ पासून बदली कामगारांना कार्ड देऊन त्यांची नोंद ठेवणारी पद्धत सुरू केली. यातून जॉबरची मक्तेदारी ढिली झाली, पण कामगारांची बदलीची अनिश्चितता संपली नाही. ती थेट १९८२ पर्यंत टिकली.

संघ राष्ट्रीय चळवळीच्या बाजूने होता की विरुद्ध?

एका शब्दात उत्तर देता येणार नाही. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा कामगार सहा दिवस गिरण्या बंद पाडून रस्त्यावर आले, त्यांच्यात मालक नव्हते. उलट स्वदेशीमुळे देशी कापडाचा खप वाढला, त्याचा फायदा गिरण्यांनी घेतला. ऑक्टोबर १९३३ मधील मोदी-लीज करार हे या दुटप्पी स्थितीचे ठळक उदाहरण आहे. संघाचे अध्यक्ष होमी मोदी आणि लँकेशायरच्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर विल्यम क्लेअर-लीज यांच्यात तो झाला. जपानी कापडाविरुद्ध संरक्षण हवे असल्यामुळे मुंबईच्या मालकांनी आपल्या जुन्या शत्रूशी जुळवून घेतले. राष्ट्रीय वर्तुळात त्यावर तीव्र टीका झाली. त्याच वर्षी मोदी यांच्या अध्यक्षतेखाली मालकांचा अखिल भारतीय महासंघही स्थापन झाला, म्हणजे प्रादेशिक संघाचा अनुभव देशपातळीवर गेला.

समान मजुरी अखेर केव्हा आली?

१९४७ मध्ये, आणि ती संघाने नव्हे तर न्यायालयाने आणली. १९३८ च्या औद्योगिक तंटे कायद्याने संपावर बंधने घातली, त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने, म्हणजे कामगारांच्या बोलीतील ‘बीआयआर’ने, एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन ही कल्पना आणली. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांत महिना ३० रुपये किमान मूळ पगार आणि सर्व कामांचे समान दर ठरवले. त्यावर जीवनमानाच्या निर्देशांकाशी जोडलेला महागाई भत्ता वेगळा होता. सत्तर वर्षे सभासदांच्या मत्सरात अडकलेला प्रश्न अशा रीतीने सुटला.

बोनसच्या सूत्राशी या संघाचा काय संबंध?

फार जवळचा, आणि देशभरातील पगारदारांना तो माहीत असायला हवा. गिरणीमालक संघ आणि कामगारांची मान्यताप्राप्त युनियन असलेला राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्यातील तंट्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने १९५० मध्ये एक सूत्र घालून दिले: ढोबळ नफ्यातून घसारा, यंत्रांच्या पुनर्स्थापनेचा खर्च, भरणा भांडवलावर सहा टक्के आणि खेळत्या भांडवलावर दोन टक्के परतावा वजा करावा, आणि जे उरेल त्यात कामगारांचा वाटा असावा. १९२४ मध्ये हक्कच नाही म्हणून नाकारलेला बोनस सव्वीस वर्षांनी नफ्यातील न्याय्य हिस्सा ठरला. तरीही रकमेबाबत समाधान न झाल्याने समाजवाद्यांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी ६३ दिवसांचा संप झाला. पुढे १९६५ च्या बोनस कायद्यापर्यंत हेच सूत्र देशभर प्रमाण मानले गेले.

१९८२ च्या संपात संघाने संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्याशी बोलणी का केली नाहीत?

कायद्याने मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होती आणि त्याच्याशीच करार करता येतो, ही संघाची भूमिका होती. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ती बरोबर होती. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार ज्या पुढाऱ्यामागे गेले होते, त्याला टेबलावर जागाच नाही, अशी अवस्था त्या अक्षरामुळे निर्माण झाली. बीआयआर कायदा रद्द करा, ही म्हणूनच संपाची एक मुख्य मागणी होती. सामंतांना मान्यता दिली तर इतर उद्योगांतही तेच होईल, ही भीती मालकांना आणि सरकारलाही होती.

आणखी एक कारण कमी सांगितले जाते. भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांनी तोवर गिरण्यांचा कापडाचा धंदा पोखरला होता. अनेक गिरण्यांत यंत्रे जुनी झाली होती आणि नफा नव्या यंत्रांत गेला नव्हता. अशा गिरण्यांना बंद राहणे चालू राहण्याइतके महाग पडत नव्हते. जो मालक माल विकण्यासाठी तळमळत नाही, त्याच्यावर संपाचे शस्त्र चालत नाही. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. १९८३ मध्ये सरकारने मुंबईतील तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या.

गिरण्यांच्या जमिनींच्या प्रश्नात काय घडले?

थोडक्यात असे: १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने जमीन विकण्याची वाट उघडली, पण ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला आणि एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला देण्याची अट घातली. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयाने ती अमान्य केली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केली. परिणामी सार्वजनिक वाट्याला आलेली जमीन फार आक्रसली.

अहमदाबादच्या संघाशी तुलना केली तर काय दिसते?

तेथे मालक बहुतांशी एकाच समाजवर्तुळातील होते. १९१८ च्या संपात मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूने त्यांची बहीण अनसूयाबेन होती, लवादाने ३५ टक्के वाढ मान्य झाली, आणि १९२० मध्ये मजूर महाजन ही कामगारांची युनियन स्थापन होऊन लवादाची परंपरा रुजली. मुंबईत मालकही विखुरलेले आणि कामगारांच्या संघटनाही अनेक, त्यामुळे लवादाऐवजी चौकशी समित्यांची परंपरा वाढली.

संघाचे जुने वार्षिक अहवाल कसे वाचावेत?

आवर्जून वाचावेत, आणि दोन नजरांनी वाचावेत. दरवर्षीच्या तक्त्यात प्रत्येक गिरणीच्या चात्या, माग, रोजची कामगारसंख्या आणि वापरलेला कापूस दिलेला असतो. भारतीय उद्योगाची इतकी सलग आकडेवारी फार थोड्या ठिकाणी मिळते. सुताच्या आणि कापडाच्या टिकल्यांची, म्हणजे व्यापारचिन्हांची, नोंद ठेवण्याचे आणि त्यांवरील तंटे सोडवण्याचे कामही संघ करत असे, कारण भारतात व्यापारचिन्हांचा कायदा १९४० मध्ये आला. त्या नोंदींत बाजाराचे बारकावे आहेत.

कामगारांच्या रकान्यात मात्र केवळ एक संख्या आहे. त्या संख्येत किती बदली होते, किती स्त्रिया होत्या, एकाने महिन्यात किती खाडे केले आणि का केले, हे तेथे सापडत नाही. त्यासाठी मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाचे १९२१ पासूनचे ‘लेबर गॅझेट’, चौकशी समित्यांपुढील साक्षी आणि लालबाग-परळच्या घरांत आजही जपून ठेवलेली बदली कार्डे व पगाराच्या पावत्या शेजारी मांडाव्या लागतात. ज्यांच्या घरी असे कागद आहेत, त्यांनी ते टाकून देऊ नयेत. एखाद्या गिरणीच्या नावाखालील मागांचा आकडा आणि त्याच वर्षाची, त्याच गिरणीतील विणकराची पावती एकत्र आली, तर त्या वर्षी त्या गिरणीत विणकराच्या हाती प्रत्यक्षात किती पैसे पडत होते हे आजही सांगता येते.